पगार दहा, हप्ता सात

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात कापूस घरात येतो तो दसऱ्यानंतर, आणि नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरावे लागतात त्याच्या आधी. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात सुरू होतात नि गणपती, नवरात्र उलटले तरी रेंगाळत राहतात. त्या दिवसांत शेतात बोंडे धरलेली असतात, पण दुकानदाराकडे खत-औषधाची उधारीही वाढलेली असते. केळीवाल्याच्या हातात थोडाफार पैसा खेळतो, भाव घसरला की तोही कोरडा. मग कपाटातली सोन्याची पोत बाहेर निघते. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते खरेदीच्या थाटामुळे. पण खान्देशातल्या सोन्याचे बरेचसे आयुष्य तारणात जाते, आणि तारण कशासाठी असे विचारले तर हल्ली विहीर-मोटारीच्या जोडीने पोरीच्या शिक्षणाचे नाव निघते.

‘‘पोरगी नोकरीले लागनी तं सगळं फेडी टाकसूत,’’ असे त्या वेळी घरात बोलले जाते. शैक्षणिक कर्जाचा सगळा हिशेब या एका अहिराणी वाक्यात आला. बँकेच्या अर्जातही याहून वेगळे काही लिहिलेले नसते, फक्त भाषा जड असते. वाक्यातला ‘तं’ मात्र फार मोठा आहे, आणि त्याच्या पोटात काय दडले आहे ते आकड्यांनी पाहता येते.

समजा, बारावी झालेली मुलगी खासगी संस्थेत जीएनएम या परिचारिका-पदविकेला गेली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. फी, होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा, क्लिनिकलला जायचे गाडीभाडे असे मिळून वर्षाला लाख रुपये धरू. कुठे कमी पडतील, कुठे जास्त. बँकेने दरवर्षी एक याप्रमाणे तीन लाख दिले, व्याज ११ टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नाही, पण व्याज झोपत नाही. पहिल्या लाखावर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन असे सरळव्याजानेच ९९ हजार होतात. हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर ३ लाख ९९ हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला ६,८३२ रुपये. पंधरा वर्षांवर ताणले तर ४,५३५; पण मग बँकेत एकूण आठ लाखांहून जास्त जातात, आणि घेतलेले असतात तीन.

आता दुसरे पारडे. हीच मुलगी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका झाली तर तिचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता, घरभाडे. त्याहून छोटा एएनएम अभ्यासक्रम करून जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका झाली तर मूळ वेतन २५,५००. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर लागली तर स्टाफ नर्सला वीस हजारांच्या आसपास, एएनएमला अठरा. आणि तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात? तिथे नव्या मुलीला दहा हजार मिळाले तर मैत्रिणी ‘चांगले मिळाले गं’ म्हणतात.

दहातून सहा हजार आठशे बत्तीस गेले की उरतात तीन हजार एकशे अडुसष्ट. खोलीभाडे, डबा, गावी जायचा एसटीचा खर्च त्यातच. शासनाने २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट केले ते बरे झाले. चोपडा तालुक्यात रेल्वे नाही, जळगाव गाठायचे तर अडावद-धानोऱ्यावरून तापी ओलांडून पन्नास-साठ किलोमीटर बसनेच जावे लागते.

एकच अभ्यासक्रम, नोंदणी एकाच परिषदेची, इंजेक्शनची सुईही तीच. तरी कोणते दार उघडते त्यावर पगार दहा हजार की पस्तीस हे ठरते. कर्ज मात्र सगळ्यांचे सारखे. ते घेताना घरच्यांच्या डोळ्यांसमोर पस्तीसवाले दार असते आणि फेडताना बहुतेकींच्या समोर दहावाले. जाहिरातीतही फोटो पहिल्या दाराचाच.

ते पहिले दार किती वेळा उघडते? राज्यातल्या जिल्हा परिषदांनी ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची जाहिरात काढली, त्यात आरोग्यसेविकांचीही पदे होती. अर्जांचा पाऊस पडला. चोपडा तालुक्यातली सातपुड्याच्या कुशीतली २५ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वैजापूर, सत्रासेन, उमर्टी, मेलाणे ही त्यांतलीच. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातली एएनएमसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी घरांतल्या मुलींना वाटले, हे आपलेच दार. नेमकी ती भरती न्यायालयीन वादात अडकली. कर्जाच्या हप्त्याला मात्र स्थगिती नव्हती. त्याआधी, मे २०२२ च्या अखेरीस, राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या, आणि त्यांची एक मोठी तक्रार परिचारिकांची भरती खासगी कंत्राटदाराकडून करण्याविरुद्ध होती. ज्या दाराकडे पाहून कर्ज काढले, त्या दारालाच आता कंत्राटाची चौकट बसू लागली आहे.

अमेरिकेत कर्ज आणि कमाईच्या या प्रश्नाला एक मोजपट्टी लावून पाहिली गेली. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची स्थानिक, स्वस्त कॉलेजे असतात. तिथून दोन वर्षांची पदवी घेऊन परिचारिकेची नोंदणी-परीक्षा देता येते. तिथल्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये एक सार्वजनिक तक्ता खुला केला आणि २०१९ पासून त्यात अभ्यासक्रमागणिक माहिती घालायला सुरुवात केली: इथून बाहेर पडलेल्यांवर कर्ज किती, पुढे कमाई किती. सोबत एक नियमही आला. व्यवसाय-शिक्षण देणाऱ्या अभ्यासक्रमाचा वार्षिक हप्ता पदवीधराच्या कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत बसावा, किंवा जगण्याचा किमान खर्च वजा जाता जे उरते त्याच्या वीस टक्क्यांच्या आत. सतत नापास होणाऱ्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज-मदत बंद. जानेवारी २०१७ मधल्या पहिल्या निकालात आठशेहून अधिक अभ्यासक्रम नापास झाले, आणि त्यांतले ९८ टक्के नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचे होते. पुढे सरकार बदलले, २०१९ मध्ये नियम गेला, २०२३ मध्ये परत आणला गेला. धोरणांची अशी ये-जा आपल्याकडेच होते असे नाही.

ही पट्टी चोपड्याच्या हिशेबाला लावली तर? दहा हजार पगारावर ६,८३२ चा हप्ता म्हणजे अडुसष्ट टक्के. कंत्राटी वीस हजारांवर चौतीस. सरकारी नोकरीतही नुसत्या मूळ वेतनाचा जवळपास पाचवा हिस्सा. आठ टक्क्यांत बसायचे तर मुलीला महिना पंच्याऐंशी हजार हवेत. या आठ टक्क्यांच्या पट्टीने खान्देशातले सगळेच खासगी नर्सिंग नापास.

पण इथेच थांबून पट्टीलाही प्रश्न विचारला पाहिजे. कमाई कमी म्हणून अभ्यासक्रम नापास, हे अमेरिकेतल्या त्या संस्थांबाबत पटण्यासारखे होते, कारण त्यांचे प्रमाणपत्र बाजारात चालतच नव्हते. चोपड्यात परिस्थिती उलटी आहे. इथे प्रमाणपत्र चालते, मुलीची गरज रोज रात्री आठला लागते. बारा-पंधरा खाटांचा दवाखाना. डॉक्टर वर राहायला, खाली एक सिस्टर आणि एक मावशी. एका पेशंटची सलाइन संपत आलेली, दुसऱ्याला तासातासाला बीपी बघायचा, कोपऱ्यातल्या खोलीत बाईला कळा सुरू झालेल्या. फेटल हार्ट मोजायचे, केस पेपरवर वेळ लिहायची, कळा वाढल्या की वर फोन करायचा. डॉक्टर खाली येईपर्यंतची दहा मिनिटे तिची एकटीची. शिकताना तिने वीस बाळंतपणे स्वतः केलेली असतात, सही-शिक्क्यानिशी केस बुकात नोंदलेली. हे काम ज्याला लागते तोच त्याचे दहा हजार देतो. शिक्षण निकामी असते तर दवाखाने रात्री बंद पडले असते. तेव्हा खोट शिकवण्यात थोडी असेल, मोल लावण्यात फार मोठी आहे.

आणि हे मोल किती असावे हे ठरलेले आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांची पिळवणूक हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने सुचवले की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेइतकाच असावा, शंभर ते दोनशे खाटांत त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरात पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत कितीही लहान दवाखाना असला तरी वीस हजारांपेक्षा कमी नाही. केंद्राने राज्यांना कळवले. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून सक्ती नव्हती. केरळने संप, मोर्चे, कोर्टकचेऱ्या पाहिल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून शंभर खाटांपर्यंतच्या खासगी रुग्णालयातही वीस हजार मूळ वेतन लावले. तालुक्याच्या गावातले बहुतेक दवाखाने पन्नास खाटांच्या आतले. म्हणजे चोपड्याच्या मुलीचा कागदावरचा दर २०१६ पासून वीस हजार आहे. त्या दराने हप्ता भरूनही हातात तेरा हजार राहतात. चैन नाही, पण पोत सुटते.

‘‘लहान गावातल्या डॉक्टरला वीस हजार कुठून परवडणार?’’ हा प्रश्न लगेच येतो आणि तो खोटा नाही. खेड्यातला पेशंट कापूस विकला की पैसे देतो, डॉक्टरनेही यंत्रांसाठी कर्ज काढलेले असते. पण डॉक्टर सोनोग्राफी मशिनचा हप्ता बँकेला ‘परवडेल तेवढा’ भरत नाही, ठरलेला भरतो. वीज कंपनीचे बिलही पूर्ण भरतो. सगळ्या खर्चांमध्ये एक सिस्टरचाच पगार असा आहे जो घासाघीस करून खाली आणता येतो, कारण दारात दुसरी मुलगी उभी असते, आणि तिच्यावरही कर्ज असते. कर्ज माणसाला घासाघीस करू देत नाही; हप्त्याची तारीख जवळ आली की मिळेल तो पगार घ्यावा लागतो. मुलीचे कर्ज असे तिच्याविरुद्ध दोनदा काम करते. एकदा खिशातून पैसे काढून, आणि एकदा पगाराचा भाव पाडून.

त्यात भर म्हणजे पुष्कळ ठिकाणी शिकवणारा आणि पगार देणारा एकच. नर्सिंग संस्थेला स्वतःचे रुग्णालय जोडलेले असावे असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे, आणि हेतू चांगला आहे: मुलींनी खरे पेशंट पाहावेत. पण एकाच ट्रस्टकडे कॉलेज आणि रुग्णालय दोन्ही असले की तिसऱ्या वर्षाची मुलगी वॉर्डात पूर्ण पाळी करते, त्याची फीही तीच भरते, आणि पास झाल्यावर त्याच वॉर्डात तिचा पगार ठरवणारा माणूसही तोच असतो. काही वेळा मूळ प्रमाणपत्रे ‘जमा’ ठेवून बाँडही लिहून घेतला जातो. २०११ मध्ये मुंबई-दिल्लीच्या मोठ्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका याच गोष्टीवरून रस्त्यावर आल्या होत्या.

एके काळी हे चक्र उलट्या दिशेने फिरत असे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाची वाट करून दिली. सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये पुढे कितीतरी काळ विद्यार्थिनीला विद्यावेतन मिळत असे, कारण ती शिकता शिकता वॉर्डाचे काम उचलते हे सगळ्यांना मान्य होते. काम तेच राहिले. खासगीकरणात पैशाची दिशा तेवढी फिरली.

मदतीच्या योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जाती-जमातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर. पण पैसे उशिरा येतात आणि तोवर पुष्कळ संस्था ‘आधी भरा, आले की परत देऊ’ म्हणतात. म्हणजे पुन्हा पोत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, अट केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची. व्यवस्थापन कोट्यातून गेलेली मुलगी त्यातून बाहेर. साडेचार लाखांच्या आतल्या कुटुंबांना शिक्षणकाळातले आणि त्यानंतरच्या वर्षभराचे व्याज सरकार भरते ही केंद्राची योजना २००९ पासून आहे, नर्सिंगला परिषदेची मान्यता असेल तर लागू होते. वरच्या हिशेबात ती मिळाली तर ९९ हजार वाचतात आणि हप्ता ५,१३७ वर येतो. दहा हजारांतले तरीही निम्मे जातातच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीचा गाजावाजा मोठा झाला. ती सुरू झाली देशातल्या क्रमवारीतल्या वरच्या ८६० संस्थांपासून. सातपुड्याच्या पायथ्याचे नर्सिंग स्कूल त्या यादीत शोधायला जाऊ नये. शिवाय या सगळ्या योजना बँकेच्या कर्जाला लागू. पतपेढी, बचत गट, सोनेतारण, आठवड्याला वसुलीला येणारी मायक्रोफायनान्स कंपनी यांच्या कर्जाला ना सवलतीचा काळ, ना व्याजमाफी. पोतीवरचे व्याज पहिल्या महिन्यापासून चालू.

नर्सिंगच्या शेजारच्या वाटाही पाहाव्यात. डीएमएलटी हा लॅब-तंत्रज्ञाचा डिप्लोमा केलेल्या मुलाने पूर्वी बसस्थानकाजवळ गाळा घेऊन लॅब टाकली की धंदा सुरू. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणी-अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी असे सांगितले, आणि त्या डिप्लोमाची किंमत एका निकालाने बदलली. निकाल रुग्णांच्या हिताचा म्हणता येईल. पण दोन वर्षांचे पैसे भरून बसलेल्याने तो हिशेबात कसा धरायचा? डी. फार्मसीचेही तसेच. नव्या कॉलेजांवर औषधशास्त्र परिषदेने घातलेली बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, कॉलेजांचे पीक आले. फार्मासिस्ट वाढले, मेडिकल दुकाने तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. नावावर परवाना देऊन महिन्याचे भाडे घेणारे पदविकाधारक कोणत्या तालुक्यात नाहीत?

इतके सगळे असूनही मुली नर्सिंगला जातात आणि त्यांनी जावे, हेही म्हटले पाहिजे. कारण पगाराच्या पलीकडे मुलीला काय मिळते ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही. लग्न तीन वर्षे लांबते. घरात कुणी आजारी पडले तर डॉक्टरशी बोलायला तिला पुढे करतात. वैजापूरच्या आरोग्य केंद्रात पावरी बोलणारी सिस्टर असली तर डोंगरातून आलेली बाई लवकर दाखल होते, हे तिथला कुणीही सांगेल. कमाईची पट्टी आंधळेपणाने लावली तर सगळ्यांत आधी बंद पडेल ते पायथ्याचे एएनएम स्कूल, आणि पहिल्या नंबराने पास होईल महानगरातले, जिथून मुली आखातात जातात. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन शिकून तिकडे जाणारी चोपड्याची मुलगी आपले कर्ज झपाट्याने फेडेल. तिला शुभेच्छाच. पण मग रात्री आठची पाळी कोण करेल, याचे उत्तर त्या करारात नाही.

म्हणून मोजायचे ते दोन्हीकडे मोजावे. कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवर फीच्या तक्त्याशेजारी आणखी एक तक्ता लावणे सक्तीचे करता येईल: तीन वर्षांपूर्वी किती मुली पास झाल्या, किती जणींची परिषदेत नोंदणी झाली, किती सरकारी नोकरीत, किती कंत्राटावर, किती खासगीत, त्यांचा मधला पगार किती, आणि किती जणी घरी. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे संस्था खर्चाचे ताळेबंद देतातच. त्यासोबत हे एक पान जोडायला नवा कायदा लागू नये. आणि ज्या ट्रस्टला नर्सिंग कॉलेज चालवायचे आहे त्याने आपल्या जोड-रुग्णालयात २०१६ च्या समितीचा दर दिल्याशिवाय फीवाढ मागू नये, एवढी अट घातली तर सुरुवातीला पुरे. लहान दवाखान्यांचे पुढे पाहता येईल. आधी ज्यांनी फी घेतली त्यांनी तरी पगार द्यावा.

हा तक्ता लागेपर्यंत प्रवेशाच्या दोन-चार फेऱ्या होऊन जातील. तोवर पालकांनी एक करावे. पावती फाडण्याआधी खिडकीतल्या माणसाला विचारावे, ‘‘तीन वर्षांमागे पास झालेल्या दोन मुलींचे फोन नंबर द्या.’’ सरकारीत लागलेली एक त्यांच्याजवळ तयार असते. दुसरी खासगीत काम करणारी मागावी, आणि तिला पगार आणि हप्ता दोन्ही विचारावेत. पोत सोनाराकडे न्यायची ती त्यानंतर.